मशीन कोण थांबवतं, ते विचार

प्रिय मुली,

काल फोनवर म्हणालीस, "काका, कंपनी अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूलनिवासींच्या मालकीची आहे, लहान आहे. तिथे गेले तर मागे नाही ना पडणार?" रात्री झोप लागली नाही मला.

पगार, पद तू बघशीलच. मुलाखतीत एवढंच विचार: साइटवर खोदाईचं मशीन थांबवायचा अधिकार कोणाला आहे?

मालकी कागदावरही असते. 2015 साली इथल्या, ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने मूलनिवासींच्या कंपन्यांना कंत्राटं देण्याचं उद्दिष्ट ठरवलं. अशा कंत्राटांसाठी नावापुरता भागीदार पुढे करणारेही आहेत. सरपंच बाई आणि कारभार नवऱ्याचा, हे तू गावी पाहिलंयस. म्हणून म्हणतो, मशीन कोण थांबवतं ते विचार.

मी पस्तिशीत होतो. पश्चिम व्हिक्टोरियात रस्त्याचं काम. पोकलेनच्या बकेटखालून काळी माती निघाली आणि तिच्यात भाजलेल्या मातीचे लालसर गोळे. तिथल्या समाजाच्या एक आजी पाहणीला आल्या होत्या. त्यांनी एक गोळा उचलला, अंगठ्याने पुसला. "आमची चूल आहे ही. थांबा जरा." पाऊस तोंडावर होता, मशीन तासाच्या भाड्यावर होतं, परवानगी फायलीत होती. मी थांबवलं नाही. आजी गोळा हातात धरून उभ्याच राहिल्या.

कायद्याने मी चुकलो नव्हतो. व्हिसा कंपनीच्या हातात होता, घराचे हप्ते होते. तू असतीस तर काय केलं असतंस?

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जूकन गॉर्ज या घळीतही रिओ टिंटो या खाण कंपनीचे कागद चोखच होते. 2013 साली परवानगी. 2014 च्या उत्खननात 4,000 वर्षांपूर्वीची माणसाच्या केसांची वेणी सापडली. तरीही मे 2020 मध्ये कंपनीने सुरुंग लावले. 46,000 वर्षांपूर्वी माणूस राहिलेला खडकातला निवारा गेला. त्या जमिनीचे लोक विनवत होते, पण मशीन थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं.

आणि 'संस्कृती वगैरे ठीक आहे, पण इंजिनिअरिंग काय शिकणार' हे पुन्हा बोलू नकोस. व्हिक्टोरियातल्या बज बिमला जाऊन ये. तिथल्या मूलनिवासी गुंडिचमारा लोकांनी 6,600 वर्षांपूर्वी ईल मासे धरायला लाव्हाच्या खडकातून चर काढले, बांध घातले. आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बेसॉल्ट. लेव्हल मशीन नसताना पाण्याचा उतार साधलाय बघ. हे सिव्हिल नाही तर काय?

पन्नाशीत मी कमी पगारावर अशाच एका कंपनीत गेलो. लोक वेडा म्हणाले, म्हणू देत. पहिला आठवडा एका आजोबांच्या मागे नुसता चाललो. ते खुणेचे खुंट रोवत गेले, मग आम्ही आखणी बदलली.

मुलाखत गुरुवारी ना? त्यांनी एखाद्या माणसाकडे बोट दाखवून "हे थांबवतात" म्हटलं, तर लगेच हो म्हण. "ते आमच्या पॉलिसीत आहे" म्हणाले, तर चहा पिऊन निघ. काहीही होवो, रात्री फोन कर. मी जागा असेन.

तुझा,
काका