पोर्तुगालात पहिल्यांदा: ओळखीचे शब्द, वेगळी रीत

वाचकांचे प्रश्न

मुलगा, सून किंवा भाऊ पोर्तुगालात आणि आता घरातलं मोठं माणूस पहिल्यांदा तिकडे निघालंय, अशी पत्रं या वेळी बरीच आली. त्यातली चार निवडली आहेत.

मे महिन्यात मुलाकडे लिस्बनला जाणार आहे. मानकुराद, घरचं तूप, चोरिस आणि सुकी सुंगटं न्यायची आहेत. नेता येतील का? (म्हापसा)

यातली फक्त सुंगटं नेता येतील. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे चोरिस, तूप आणि पेढेही गेले. डबा कितीही घट्ट बंद केला तरी फरक पडत नाही. सापडला तर काढून घेतात, दंडही होऊ शकतो. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून फक्त पाच फळं सुटली आहेत: नारळ, केळी, अननस, खजूर आणि दुरियन. थोडक्यात, मानकुराद घरी खाऊन निघा आणि बॅगेत नारळ घाला. मासळीला माणशी 20 किलोपर्यंत मुभा आहे, त्यात सुकी सुंगटंही आली. फक्त ती दोन पिशव्यांत बांधून वर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नाहीतर साड्यांचा वास महिनाभर जाणार नाही.

आम्ही दोघं शाकाहारी. हॉटेलात जेवणाचं कसं करायचं? न मागता पदार्थ आणून ठेवतात आणि बिलात लावतात, हे खरं का? (फोंडा)

खरं आहे, पण ती फसवणूक नाही, तिथली पद्धत आहे. बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज टेबलावर येतं. याला कुव्हेर म्हणतात आणि प्रत्येक वस्तूचा दर मेनूत छापलेला असतो. तुम्ही मागितलं नसेल आणि हातही लावला नसेल, तर त्याचे पैसे घेता येत नाहीत, असा कायदा आहे. नको असेल तर आणतानाच ‘नाँव, ओब्रिगादु’ म्हणा, बाईमाणसाने ‘ओब्रिगादा’. वेटर मुकाट्याने उचलून नेतो. एक ऑलिव्ह तोंडात टाकलंत की मात्र ती वाटी तुमची.

शाकाहाराचा खरा चकवा सुपात आहे. काल्दु व्हेर्द हे तिथलं घरोघरचं सूप. त्यात बटाटा आणि बारीक चिरलेला हिरवा कोबी. ‘बटाटा’ आणि ‘कोबी’ हे शब्दही तिकडूनच आपल्याकडे आलेत, त्यामुळे गोंयकाराला घरच्यासारखं वाटतं. पण वर चोरिसाची चकती तरंगत असते. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. ‘सें कार्न, सें पैश’ (मांस नको, मासे नकोत) असं सांगा आणि चोरिसाचं नाव घेऊन वेगळं विचारा. चकती काढून तेच सूप पुढे येऊ शकतं, म्हणून शिजवताना घातलंय का हेही विचारावं. अंडं चालत नसेल तर मिठाईच्या दुकानात जपून. पाश्तेल द नाता तर अंड्याच्या पिवळ्या बलकाचीच असते.

दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते तीन, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं. ‘दोझ’ म्हणजे पूर्ण वाढप, बऱ्याचदा दोघांना पुरतं. एकट्याला ‘मैया दोझ’ मागा. घरी रांधायचं असेल तर डाळ, तांदूळ, मसाले लिस्बनच्या मार्तिं मोनिझ भागातल्या दुकानांत मिळतात, त्यामुळे बॅगेतलं वजन त्यावर घालवू नका.

आपल्या बोलीत एवढे पोर्तुगीज शब्द आहेत, त्यावर निभावेल का? (मडगाव)

जनेल, मेज, चावी कळतील. पण ‘पगार’ ऐकून खूश होऊ नका, तिकडे त्याचा अर्थ पैसे देणे. सगळ्यात जास्त फसवतं ते दारावरचं ‘पुश’. पाटीवर पीयूएक्सई लिहिलेलं असतं आणि उच्चार इंग्रजी ‘पुश’सारखाच. अर्थ मात्र ओढा! ढकलायचं असेल तिथे ‘एंपुर’ लिहितात. दार उघडेना म्हणून खांदा लावण्याआधी आठवा.

पोस्ट, औषधांचं दुकान, सुपरमार्केटातला मासळीचा काउंटर, अशा ठिकाणी आधी यंत्रातून ‘सेन्या’ म्हणजे नंबराची चिठ्ठी घ्यायची. नुसतं रांगेत उभं राहिलात तर तुम्हाला कोणी विचारणार नाही. बिल करताना कॅशियर झटकन ‘कोंत्रिबुइंत?’ विचारते. तिला बिलावर घालायला कर क्रमांक हवा असतो. तुम्ही पाहुणे, नुसतं ‘नाँव’ म्हणा.

जानेवारीत जातोय. बर्फ नसतो, मग स्वेटर पुरेल ना? (डिचोली)

बाहेर पुरेल. लिस्बनला तेव्हा दिवसा साधारण 15 आणि रात्री 8 अंश असतं. थंडी वाजते ती घरात, कारण जुन्या इमारतींत घर गरम ठेवायची सोय बहुधा नसते, भिंती ओल धरतात आणि लाद्या गार पडतात. जाड मोजे, घरात घालायच्या बंद चपला आणि अंगाला चिकटून बसणारे उबदार आतले कपडे न्या. एका जाड जॅकेटपेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे. ओले कपडे खोलीत वाळत घातलेत तर रोज थोडा वेळ खिडकी उघडा, नाहीतर भिंतीवर बुरशी धरते. पावसात पायवाटांचे पांढरे चुनखडीचे दगड शेवाळल्यासारखे घसरतात आणि शहर चढउतारांचं आहे, तेव्हा रबरी तळव्याचेच बूट घ्या. आणि रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहा; तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात.