आठ जण, तीन गाड्या, दहा दिवस: बाहा कॅलिफोर्नियात कच्च्या रस्त्यांवरून कॅम्पिंगची आखणी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत अमेरिकेतल्या सॅन दिएगोहून निघायचं, आठ जण, तीन फोर-बाय-फोर गाड्या, हातात दहा दिवस. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला, काबो सान लुकासपर्यंत जायचं आणि परत यायचं, तेही जमेल तितकं कच्च्या रस्त्यानं. कच्च्या रस्त्याचा अनुभव फारसा कुणाला नाही.

सगळ्यात आधी काबो काढून टाका. सीमेवरच्या तिहुआनापासून काबोपर्यंतचा महामार्ग क्रमांक 1 सुमारे 1,700 किलोमीटरचा आहे. नुसतं डांबरावरून जाऊन-येऊन 3,400 होतात, म्हणजे दहाही दिवस स्टिअरिंगवरच जातील आणि कच्चा रस्ता राहूनच जाईल. इथं किलोमीटर नव्हे, तास मोजायचे असतात. जानेवारीत उजेड जेमतेम दहा तास. सकाळी तंबू आवरून निघेपर्यंत दोन तास जातात, आणि चारच्या आत मुक्कामाची जागा धरायची. मध्ये उरतात सहा तास. बरा कच्चा रस्ता ताशी 35-40 नं निघतो, दगडाळ भागात 15, ओढ्याच्या वाळूत त्याहून कमी. तीन गाड्या असल्या की फाटक, फोटो, हवा, लघवी असं करत प्रत्येक थांबा तिप्पट लांबतो. म्हणून दिवसाला 80 ते 100 किलोमीटर कच्चा रस्ता हीच कमाल धरा.

तुमच्या जागी मी बाहाच्या उत्तरेकडच्या राज्यातच फेरी आखेन. पहिला दिवस मेहिकालीची सीमा ओलांडून सान फेलिपे. दुसरा दिवस महामार्ग क्रमांक 5 नं गोन्सागाचा उपसागर. हा रस्ता आता डांबरी आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस गाड्या आणि माणसं एकमेकांच्या सवयीची होतील. तिसऱ्या दिवशी बाइया दे लोस आंहेलेस, आणि चौथा दिवस तिथेच मोकळा. हा मोकळा दिवस कुणी मागितला तरी देऊ नका. कुठलीतरी गाडी काहीतरी काढणारच, आणि नसेलच काढलं तर समोर समुद्र आहे. पाचव्या दिवशी सान बोर्हाच्या मिशनमार्गे (जुनं चर्च) डोंगर ओलांडायला सुरुवात, सहाव्या दिवशी रोसारितोमार्गे पॅसिफिक किनाऱ्यावर सांता रोसालियिता. सात, आठ, नऊ हे तीन दिवस किनाऱ्यानं उत्तरेकडे एल रोसारियोपर्यंत; ‘सात बहिणी’ म्हणून सर्फर ज्याला ओळखतात तोच हा पट्टा. दहाव्या दिवशी डांबरावरून घरी.

ही फेरी सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. सान बोर्हा ते एल रोसारियो हा सगळा भाग वाये दे लोस सिरिओस या संरक्षित क्षेत्रात येतो. उलट्या धरलेल्या गाजरासारखी दिसणारी सिरिओची झाडं जगात जवळजवळ फक्त या द्वीपकल्पावर आणि कॅलिफोर्नियाच्या आखातापलीकडच्या सोनोरा राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या तुकड्यात आढळतात. काबोला हॉटेलं बघायला मिळतात. हे बघायला मिळत नाही.

आता पेट्रोल. महामार्ग क्रमांक 1 वर एल रोसारियो सोडलं की पुढचा भरवशाचा पंप वीया हेसुस मारियाला, 300 किलोमीटरहून जास्त अंतरावर. मध्ये काताविन्याला रस्त्याकडेला पिंपातून पेट्रोल विकतात. अडीअडचणीला ठीक, पण आखणीत धरू नका. घ्यावंच लागलं तर गाळणीच्या फनेलमधून ओता. तुमच्या फेरीतला कठीण टप्पा बाइया दे लोस आंहेलेस ते एल रोसारियो, साधारण 350 किलोमीटर आणि जवळजवळ सगळा कच्चा. डांबरावर लिटरला नऊ देणारी गाडी लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरचा संथ, जोरदार गिअर), वाळूत, मऊ टायरवर पाचवर येते. म्हणजे 70 लिटर, वर 30 टक्के राखीव, झाले 91. टाकी 80 ची असेल तर 20 लिटरचा एक कॅन लागणारच. बाइयाच्या पंपावरचा साठा संपलेला असू शकतो, म्हणून गोन्सागालाही टाक्या काठोकाठ भरून घ्या. त्यातूनही कमी पडेलसं वाटलं तर रोसारितोहून दक्षिणेला वीया हेसुस मारियापर्यंत उतरून या, जाऊन-येऊन दीड-दोन तास जातात. तीन गाड्यांचा हिशोब सरासरीनं करू नका. सगळ्यात जास्त पिणाऱ्या गाडीवर करा. मेक्सिकोत हिरवी नळी साध्या पेट्रोलची, लाल प्रीमियमची आणि काळी डिझेलची. अमेरिकेत बऱ्याच पंपांवर हिरवी म्हणजे डिझेल असते, तेव्हा डिझेल गाडी असेल तर नळी हातात घेण्यापूर्वी दोनदा बघा.

पाणी माणशी दिवसाला सहा लिटर धरा: चार पिण्याचं, दोन स्वयंपाक आणि धुण्याचं. आठ जणांना चार दिवसांचं 192 लिटर होतं, आणि रेडिएटरसाठी दहा वेगळं. हे 200 किलो वजन एका गाडीत किंवा एका मोठ्या टाकीत नको. टाकीला चीर गेली की सगळंच जातं. वीस-वीस लिटरचे कॅन तिन्ही गाड्यांत वाटा, तळाशी आणि मागच्या आसाच्या पुढे. टपावर पाणी आणि पेट्रोल चढवण्याची चूक नवखे हमखास करतात: गाडी उतारावर कलते, आणि हादऱ्यांनी कॅरिअरचे पाय तडकतात. टपावर झोपायच्या पिशव्या आणि तंबू, बस्स. शुद्ध पाणी प्रत्येक गावात मिळतं. ‘आग्वा पुरिफिकादा’ असा फलक बघा आणि कॅन भरून घ्या.

या रस्त्यांवर गाड्या मोडतात त्या खड्ड्यांनी नव्हे, तर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटांनी. तासन् तास तो थरथराट चालू राहतो, नट सैल होतात, बॅटरीची पट्टी निसटते, शॉकअब्सॉर्बरमधलं तेल तापून पातळ होतं आणि गाडी बैलगाडीसारखी उसळायला लागते. यावर पहिला उपाय म्हणजे टायरची हवा. डांबरावर 35 पीएसआय असेल तर कच्चा रस्ता लागताच 24-25 वर आणा. खोल वाळूत 15, रुतलात तर 12. दहाच्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून उतरू शकतो. कमी हवेवर वेग 50 च्या आत ठेवा, नाहीतर टायरची बाजू तापून फाटते. दर तासाला थांबा आणि हाताची मागची बाजू शॉकच्या नळकांड्याजवळ नेऊन बघा. दुरूनच धग लागली, हात टेकवता येईना, तर वीस मिनिटं सावली शोधून गप्प बसायचं. शॉक फुटला की तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ अशी काळपट पट्टी दिसते. ती रोज संध्याकाळी चारही चाकांशी शोधा. त्याच वेळी चाकांचे नट पान्यानं तपासा, बॅटरी हलवून बघा, एअर फिल्टर काढून झटका. हे काम प्रत्येक चालकानं रोज पंधरा मिनिटं करायचं, स्वयंपाकाच्या आधी.

तिन्ही गाड्यांना एकाच मापाचे टायर आणि चाकाची भोकं सारखी असतील तर स्टेपन्या अदलाबदल करता येतात. नसतील तर प्रत्येक गाडीला दोन स्टेपन्या घ्या. दगडानं साइडवॉल चिरली की पंक्चरचा दोरा काही कामाचा नाही. दोऱ्याची पंक्चर किट आणि चांगला 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर मात्र किमान दोन गाड्यांत हवा, कारण एक जळतो. जॅकखाली घालायला फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी घ्या. नाहीतर वाळूत जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली रुततो.

रुतलात तर पहिल्या सेकंदाला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. चाक फिरत राहिलं की गाडी आसावर बसते आणि दहा मिनिटांचं काम दोन तासांचं होतं. चाकांपुढची वाळू फावड्यानं उतरती करा, हवा 12 वर आणा, चाकांखाली वाळूतून निघण्यासाठीच्या खरखरीत पट्ट्या (ट्रॅक्शन बोर्ड) सारा, मग सावकाश बाहेर. दुसऱ्या गाडीनं ओढायचं असेल तर ताणला जाणारा दोर आणि चेसिसला पक्के बसवलेले हुक, एवढंच वापरा. टो-बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) दोर कधीही लावू नका. तो बॉल ताणाखाली तुटला की गोळीसारखा काचेतून आत येतो, आणि यानं माणसं मेली आहेत. दोर ताणलेला असताना बाकीचे सहा जण दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभे.

दोन ठिकाणी गाडी घालण्याआधी उतरून चाला. एक, पॅसिफिक बाजूची मिठागराची सपाटी. वर पांढरी कोरडी साय, खाली चिखल. टाच जोरात आपटून बघा: ठणठणीत आवाज आला तर ठीक, टाच बुडून कडेला ओल दिसली तर आधीच्या चाकोऱ्या सोडू नका. दोन, सान फेलिपेच्या बाजूचे किनारे. आखाताच्या उत्तर टोकाला भरती-ओहोटीतला फरक अमावास्या-पौर्णिमेला सहा मीटरच्या घरात जातो. ओल्या वाळूवर लावलेली गाडी जेवण होईपर्यंत पाण्यात असते.

ताफ्याचा नियम एकच, पण तो कडक. प्रत्येक चालक आपल्या मागच्या गाडीला जबाबदार. फाटा आला की मागचे दिवे दिसेपर्यंत तिथेच थांबायचं. सगळ्यात अनुभवी माणूस पुढे, हत्यारं आणि दोर असलेली गाडी शेवटी, सगळ्यात कच्चा चालक मध्ये. धुळीमुळे दोन गाड्यांत अर्धा किलोमीटर अंतर पडतं, म्हणून प्रत्येक गाडीत वॉकीटॉकी हवाच. मोबाइलला किनाऱ्यावर रेंज धरूच नका. उपग्रहावरून संदेश आणि एसओएस पाठवणारं यंत्र निदान एक घ्या, आणि ते कसं वापरायचं हे आठही जणांना शिकवा. नकाशे आधीच उतरवून ठेवा, आणि किनाऱ्यावरून महामार्गाकडे सुटणाऱ्या वाटा त्यावर खुणा करून ठेवा. पाऊस झाला तर या मातीचा गोंद होतो. तेव्हा जोर लावू नका, एक दिवस थांबलात की वाट वाळते.

मुक्काम ओढ्याच्या पात्रात नको, कितीही सपाट दिसलं तरी. आखाताच्या बाजूला जानेवारीत उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस सलग घोंघावतो. गाड्या वाऱ्याच्या बाजूला आडव्या लावा, तंबूचे खुंटे वाळूत धरत नाहीत म्हणून पिशव्यांत वाळू भरून पुरा. पॅसिफिकवर धुकं आणि ओल, रात्री तापमान पाच-सहा अंशांवर येतं. सरपण गावातून विकत घ्या. कार्दोन या उंच निवडुंगाची वाळलेली लाकडं जाळू नका. संरक्षित क्षेत्रात ते चालत नाही, आणि एक कार्दोन वाढायला माणसाच्या आयुष्याहून जास्त काळ लागतो. कोळ्यांच्या वस्तीजवळ उतरलात तर आधी विचारा. थोडे पेसो मागतील, ते द्या. सुट्या पेसोच्या नोटा भरपूर ठेवा. सकाळी बूट झटकूनच घाला, विंचू असतात. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट आधीच पळतो. नांगी बसलीच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवा.

कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण पासपोर्टमधल्या व्हिसाची तारीख उलटून गेली असेल आणि हातात फक्त आय-797 (अमेरिकी इमिग्रेशनचं मंजुरीपत्र) असेल तर मेक्सिकोत शिरतानाच अडाल. आठही जणांचे पासपोर्ट आजच उघडून बघा. सीमेवर तुम्हाला कुणी थांबवेलच असं नाही. स्वतः थांबून इमिग्रेशनच्या कार्यालयात पर्यटक नोंद करून घ्या. गाडीचा अमेरिकी विमा मेक्सिकोत चालत नाही, मेक्सिकन विमा घ्या आणि कच्चा रस्ता त्यात धरलाय का ते वाचा. कर्जाची गाडी असेल तर कर्ज देणाऱ्याचं परवानगीपत्र लागू शकतं. भाड्याच्या गाडीनं हा बेत करू नका. आणि निघण्यापूर्वी गाडीचा प्रत्येक कप्पा रिकामा करून बघा: एक जरी काडतूस सापडलं तरी मेक्सिकोत तुरुंग होऊ शकतो. वाटेत लष्कराची तपासणी होईल, काच खाली, हात दिसतील असे, शांतपणे.

रात्री महामार्गावर गाडी चालवायची नाही. रस्ता अरुंद, कडेला उतार, आणि तापलेल्या डांबरावर गुरं येऊन बसतात. पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देतो तेव्हा ‘पुढे जा’ असंही असतं आणि ‘मी डावीकडे वळतोय’ असंही. डावीकडे फाटा नाही हे स्वतः पाहिल्याशिवाय ओलांडू नका. महामार्गावर बंद पडलात तर 078 वर ‘आंहेलेस वेर्देस’ या सरकारी महामार्ग मदतपथकाची मदत मिळते, इतर संकटाला 911.

एल रोसारियोला डांबर लागलं की लगेच सुसाट सुटू नका. तिथे तासभर घालवा: हवा पुन्हा 35 वर, चाकांचे नट, आणि प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूवरून हात फिरवून फुगवटा किंवा चीर. कच्च्यावर 30 च्या वेगानं निभावलेला टायर 100 च्या वेगाला दगा देतो, आणि तिथून सीमेपर्यंत साडेतीनशे किलोमीटर आहेत.