नाशिकच्या भांडी बाजारात पूर्वी कल्हई लावताना नाकाला झोंबणारा तो वास कशाचा असायचा?

कल्हई म्हणजे भांड्याला आतून दिलेला कथलाचा (टिनचा) मुलामा; पण तो वास नवसागराचा (अमोनियम क्लोराइड या क्षाराचा), कथलाचा नव्हे. तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागराची पूड टाकली की अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू सुटतात. नाकात शिरतो तो मुख्यतः अमोनिया; दोन्ही वायू गार होऊन पुन्हा एकत्र आले की पांढरा धूर. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा काळपट थर काढतो, म्हणूनच २३२ अंश सेल्सिअसला वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने फिरवताच चांदीसारखं पसरतं. (फार सुंदर दिसायचं ते!) मी रसायनशास्त्र शिकवतो, प्रयोगशाळेत नवसागर तापवला की हुबेहूब तोच वास येतो. मात्र आठवणीसाठी घरी तापवून हुंगू नका, हा धूर घसा आणि फुफ्फुसांना त्रासदायक असतो.