माणसाच्या तोडीचं एआय आलं, तर समाज त्याला कसा सामोरा जाईल?

समाज एकजिनसी थोडाच आहे? ज्यांच्या पाठीशी संघटना आहे ते अटी घालतील, ज्यांच्या नाही त्यांना एक दिवस मेल येईल. ३४ वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क होते, म्हणून सांगते.

१९८८ साली आमच्या सातारा जिल्ह्यातल्या शाखेत लेजर पोस्टिंगचं, म्हणजे खातेवहीत नोंदी करायचं मशीन आलं, एएलपीएम. त्याआधी सेव्हिंगची लेजरं टॅली करायला महिनाअखेरीला रात्रीचे नऊ वाजायचे. एकदा ६३ रुपयांचा फरक काही केल्या सापडेना. हेडक्लार्क अण्णा आकडा बघून म्हणाले, "नवाने भाग जातोय. आकडे उलटसुलट झाले की असाच फरक येतो. कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत." अर्ध्या तासात त्यांनी ८१ च्या जागी १८ पोस्ट झालेली एंट्री काढून दाखवली. ही त्यांची विद्या. मशीनवर पहिलं बॅलन्सिंग झालं त्या संध्याकाळी अण्णा प्रिंटआउटवरच्या बेरजा पेन्सिलीने पुन्हा करत बसले होते. सगळ्या बरोबर निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

पण त्यांची नोकरी गेली नाही, पगारातला रुपया कमी झाला नाही. कारण सप्टेंबर १९८३ मध्ये युनियनने इंडियन बँक्स असोसिएशनशी, म्हणजे बँकांच्या संघटनेशी, करार करून ठेवला होता. मशीनं किती आणायची यावर मर्यादा, चालवणाऱ्याला स्पेशल अलाउन्स, आणि मशीनपायी कुणाला काढायचं नाही. अण्णा फिक्स डिपॉझिटच्या काउंटरवर बसले आणि तिथूनच मानाने निवृत्त झाले. गेटवर मशीनविरुद्ध घोषणा देणारेच पुढे अलाउन्ससाठी सिनिऑरिटी लिस्ट घेऊन मॅनेजरांच्या केबिनमध्ये भांडले, त्यातही मला काही गैर वाटत नाही. आलेल्या गोष्टीत आपला वाटा मागायलाच हवा.

माझा मुलगा हिंजवडीत आयटीत आहे. "तुमच्या युनियनने बँका वीस वर्षं मागे ठेवल्या," हे मी त्याच्याकडून कॉलेजपासून ऐकतेय. गेल्या दिवाळीआधी त्याच्या टीममधल्या चौघांना एका कॉलवर काढलं. बाकीच्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. विचारलं तर म्हणाला, "आई, आमच्यात तसं नसतं." नसतं म्हणजे काय? आमच्यातही आपोआप नव्हतं. पगार कापून घेऊन संप केले तेव्हा झालं.

एक मात्र कबूल करते. करारामुळे मशीनं उशिरा आली, पासबुक भरून घ्यायला लोक ताटकळले, तो त्रास आम्ही दिला. २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत, लाखभर लोक बाहेर पडलेच. शिवाय आमचं मशीन फक्त लेजर लिहायचं, अण्णांना बसवायला काउंटर शिल्लक होता. तुम्ही विचारताय ते एआय काउंटरवरही बसेल, मॅनेजरच्या खुर्चीतही. तिथे नुसतं 'कुणाला काढायचं नाही' पुरणार नाही. कामाचे तास, नफ्यातला वाटा, सगळंच बोलावं लागेल.

त्या कराराची सायक्लोस्टाइल प्रत अजून माझ्या कपाटात आहे. रविवारी मुलगा येतोय, त्याला वाचायला देणार आहे.