सूसहून अर्ध्या दिवसात एल जेम

तुमचे दोन प्रश्न: ट्युनिशियात सूसला मुक्काम असताना अर्ध्या दिवसात एल जेमचं रोमन अँफिथिएटर (पायऱ्यांनी वेढलेलं उघडं रिंगण) होईल का, आणि रोमचं कोलोसियम पाहिल्यावर इथे वेगळं काय? होईल. आणि जरूर जा.

अंतर साधारण ६५ किमी. ट्रेन आहे (ट्युनिस–सूस–स्फाक्स मार्ग), पण फेऱ्या मोजक्या. त्यापेक्षा लुआज बरी, म्हणजे आपलं वडापच: आठ सीट भरल्या की गाडी सुटते. जाताना अडचण येत नाही, येताना येते. दिवस कलला की सीटा भरायला वेळ लागतो, मग गाड्याच आटतात. उन्हं असतानाच स्टँड गाठा. दिनार रोख ठेवा.

आत शिरल्यावर लोक थेट वरच्या गॅलरीकडे धावतात. तुम्ही आधी तळघरात उतरा. रिंगणाखालून दोन बोळ एकमेकांना छेदून जातात; बाजूला जनावरांच्या कोठड्या आणि त्यांना वर चढवायच्या जागा. माथ्यावर रिंगणातली लांबट फट आहे, तिच्यातूनच उजेड येतो. हे आधी पाहिलं की वरून रिंगण बघताना ती फट कशासाठी होती ते कळतं. कोलोसियमच्या तळघरासाठी वेगळं तिकीट काढावं लागतं. इथे एकाच तिकिटात मोकळं फिरा.

आकार सुमारे १४८ बाय १२२ मीटर, कोलोसियमचा १८८ बाय १५६. तरी भोवतालच्या बैठ्या गावामुळे हेच अंगावर येतं. एल जेम म्हणजे ऑलिव्ह तेलाच्या पैशावर उभं राहिलेलं रोमन थिस्ड्रस शहर; अँफिथिएटरचा काळ इ.स. २३८ च्या आसपासचा. बसायच्या पायऱ्या बऱ्याचशा गेल्यात. एका बाजूला अखंड दिसतात त्या अलीकडच्या डागडुजीतल्या, फोटो काढून फसू नका. भिंतीला पडलेलं खिंडार मात्र भूकंपाचं नव्हे. बंडखोर आत आसरा घेत म्हणून १६९५ साली ट्युनिसचा शासक मोहम्मद बे याने ते पाडलं, आणि मग गावाला आयती दगडाची खाण मिळाली. बाहेरून पूर्ण फेरी मारल्याशिवाय ते नीट दिसत नाही.

दगड मऊ, पायऱ्या झिजलेल्या. बूट घाला, चपला नकोत. जुलै-ऑगस्टमध्ये संगीत महोत्सव असतो. तेव्हा रिंगणात स्टेज आणि खुर्च्या असतात, फोटोंची आशा सोडा. उन्हाळ्यात दुपारी ऊन असह्य होतं, सकाळीच उरका.

तिकीट फाडून टाकू नका, त्यावरच गावाच्या दक्षिणेचं मोझेक संग्रहालय पाहता येतं. त्याला एक तास तरी द्या. रुळांपलीकडे मोठ्या अँफिथिएटरहून जुन्या, लहान अँफिथिएटरचे अवशेष आहेत. वेळ उरला तरच.