दुसरी गोळी कशासाठी?

प्रश्न : मला सहा वर्षांपासून स्क्लेरोडर्मा आहे. फुप्फुसांत चट्टे पडल्यामुळे मायकोफेनोलेट चालू आहे. आता डॉक्टर एका चाचणीबद्दल विचारताहेत. जुनी गोळी तशीच राहील, जोडीला नवं औषध किंवा हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. मला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही कळणार नाही. माझ्या वाट्याला नुसती पिठाची गोळी आली तर? — एक वाचक

उत्तर : ताई, तसं झालं तरी तुमचं मायकोफेनोलेट थांबणार नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. म्हणजे उपचाराविना कुणी राहत नाही.

या आजारात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, आणि त्यातून फुप्फुस चट्ट्यांनी ताठर होत जातं. पाठीला स्टेथोस्कोप लावला की खोल श्वास घेताना वेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखी चरचर ऐकू येते. इतकी वर्षं झाली, तरी ती ऐकताना मला वाईट वाटतं. मायकोफेनोलेट प्रतिकारशक्तीला आवर घालतं. निन्टेडॅनिब, पिरफेनिडोन यांचा रोख चट्ट्यांवर असतो. म्हणून जोडीचा विचार.

पण विचार पटला म्हणून औषध लागू पडतंच असं नाही. २०१९च्या अभ्यासात स्क्लेरोडर्माचे ५७६ रुग्ण होते, त्यांतले जवळपास निम्मे आधीपासून मायकोफेनोलेटवर. निन्टेडॅनिब घेणाऱ्यांची एफव्हीसी, म्हणजे एका दमात फुंकलेली हवा, वर्षाला ५२ मिलिलिटरने घटली. न घेणाऱ्यांची ९३ने. घसरण मंदावली, थांबली नाही. आणि चारांतल्या तिघांना जुलाब झाले. मायकोफेनोलेटनेही पोट बिघडतं, तेव्हा दोन्हींचा भार एकाच पोटावर येतो. पिरफेनिडोनच्या जोडीची अमेरिकेत चाचणी झाली. रुग्ण १५० हवे होते, मिळाले ५१. दीड वर्षानंतर ठोस फरक दाखवता आला नाही. माणसं कमी पडली, याची मला फार हळहळ वाटते.

संमतिपत्रक घरी आणून निवांत वाचा. चाचणी चालू असताना दम वाढला तर कोणतं औषध देणार, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, हे स्पष्ट विचारा. मूल हवं असेल तर तेही सांगा. मायकोफेनोलेट गरोदरपणात चालत नाही. मध्येच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.

जाताना फुंकण्याच्या तपासणीचे सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. एफव्हीसी टिकून आहे की मायकोफेनोलेट घेऊनही घसरतेय, ते डॉक्टरांसोबत बसून बघा. घसरत असेल, तर मी तुमच्या जागी सही केली असती.