वाचकांचे प्रश्न : शिकारीचं धनुष्य गाडीतून नेताना

प्रश्न : आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला राहतो. नवऱ्याने यंदा हरणाच्या शिकारीसाठी धनुष्यबाणाचं लायसन्स काढलंय. गाडीत धनुष्य न्यायचं तर दोरी उतरवायची, नाहीतर पेटीत घालायचं, असं शेजारी सांगतात. दर वेळी कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्याची दोरी कशी उतरवायची?

उत्तर : उतरवू नका. कंपाउंडची दोरी प्रेसशिवाय (धनुष्य दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय) निघतही नाही. शेजारी सांगतात तो जुना नियम 2011 च्या दुरुस्तीत गेला. आता राज्याच्या कलम 167.31 प्रमाणे गाडीत किंवा गाडीवर ठेवलेल्या धनुष्याला बाण लावलेला नसावा, म्हणजे बाणाची खाच दोरीत अडकवलेली नको. पेटीची सक्ती नाही. एटीव्हीला (रानातल्या कच्च्या वाटांवर चालणाऱ्या छोट्या गाडीला) आणि इंजिन चालू असलेल्या मोटरबोटीलाही हेच लागू. चूक बहुधा इथेच होते : एका मचाणावरून दुसऱ्याकडे एटीव्हीने जाताना, 'जवळच तर आहे' म्हणून बाण तसाच राहतो. अंतर कितीही असो, तो गुन्हाच.

तरीही पेटी वापरा, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. हरणासाठीच्या बाणाचं पातं किमान 7/8 इंच रुंद लागतं आणि त्याला वस्तऱ्याची धार असते. बाण डिकीत सुटे पडले तर ते पातं दोरीचे धागे कापतं; पूर्ण ताणल्यावर अशी दोरी तुटली तर धनुष्य जातंच, हात-तोंडालाही इजा होते. म्हणून पाती झाकणाऱ्या भात्यातच बाण ठेवा. धनुष्यावर सामान रचू नका, कॅम (टोकाचं चाक) वाकला की दोरी घसरते. उन्हात बंद गाडीत दोरी ताणली जाऊन पीप (दोरीत बसवलेली, नेम धरायची कडी) फिरतो आणि नेम हलतो. जंगलात शिरण्याआधी दोन-तीन बाण सरावाच्या लक्ष्यावर मारून बघा.

रात्री परतताना धनुष्य जवळ असेल तर हरणं दिसतात का म्हणून शेतात बॅटरीचा झोत टाकू नका. बाण भात्यात असला तरी ते बेकायदाच.

प्रश्न : आणि क्रॉसबो?

उत्तर : क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेलं आडवं धनुष्य. त्याचा नियम कडक आहे. गाडीत तो ताणलेला नसावा. ताणलेला असेल तर बोल्ट (क्रॉसबोचा आखूड बाण) काढून क्रॉसबो पेटीत बंद हवा. आम्ही दोरी सोडूनच नेण्याच्या बाजूचे आहोत. पण बोल्ट न लावता चाप कधीही ओढू नका, लिंब (धनुष्याचे दोन्ही बाहू) फुटतात. दोरी सोडण्यासाठी मिळणारा खास बोल्ट सरावाच्या लक्ष्यात किंवा मऊ मातीत मारा. काही मॉडेलांत हँडल उलट फिरवून दोरी सैल करता येते, पुस्तिका पाहा. हे काम गाडीशी येण्याआधी उरका : गाडीतून, किंवा रस्त्याच्या मध्यापासून 50 फुटांच्या आत, बाण सोडायला मनाई आहे.

प्रश्न : मुलगी बेळगावहून पणजीला तिरंदाजी स्पर्धेसाठी धनुष्य घेऊन जाणार आहे. शिकारीचा काही संबंध नाही. तरी अडचण येईल?

उत्तर : येऊ शकते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच धनुष्यबाण आहे, आणि कलम 31 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही ते लागू आहे. बेळगावहून गोव्याला जाणारा अनमोड घाटाचा महामार्ग मोलेच्या भगवान महावीर अभयारण्यातून जातो. तेव्हा निघण्याआधीच गोवा वनखात्याकडे लेखी अर्ज करा, सोबत स्पर्धेचं निमंत्रणपत्र जोडा आणि परवानगीची प्रत धनुष्याच्या पेटीतच ठेवा.